लस मॉस्कोची, सुई अमेरिकेची

२०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या सगळ्यांच्या फोनवर एकाच साच्यातले फोटो येत होते. धावपट्टीवर उभं विमान, त्यातून उतरणारे खोके, खोक्यांवर पाठवणाऱ्या देशाचा झेंडा आणि पुढे मास्क लावून उभे असलेले घेणाऱ्या देशाचे मंत्री. पुण्याजवळच्या मांजरीत तयार झालेली कोव्हिशिल्ड २० जानेवारीला भूतान आणि मालदीवला पोचली. दोन दिवसांनी ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांनी लस घेऊन उडणाऱ्या मारुतीचं चित्र ट्विट केलं, आणि आपल्याकडच्या फॅमिली ग्रुपांवर ते किती वेळा फिरलं हे सांगायला नको. चीन सायनोफार्म आणि सायनोव्हॅक वाटत होता. रशियाने तर लशीचं नावच ‘स्पुटनिक’ ठेवलं होतं.

मी त्या नावापाशी अडखळलो. लशीला उपग्रहाचं नाव कोण देतं? मी पोटापाण्यासाठी बॅकएंडचा कोड लिहितो, इतिहासाशी माझा अधिकृत संबंध दहावीच्या पुस्तकाबरोबर संपला. पण घरी बसून काम करण्याच्या त्या दिवसांत या एका नावाचा धागा धरून मागे मागे गेलो आणि १९५८ सालच्या मिनिॲपोलिस शहरात जाऊन पोचलो. तिथे जे सुरू झालं ते माझ्या मते महासत्तांच्या आरोग्य-मुत्सद्देगिरीचं आजवरचं सगळ्यात मोठं यश आहे. ते ज्यामुळे मिळालं ती गोष्ट मात्र विमानतळावरच्या फोटोंत कुठेच नसते.

जागतिक आरोग्य संघटना १९४८ साली सुरू झाली. वर्षभरातच सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातले त्याचे साथीदार तिच्यातून बाहेर पडले. (महासत्तेने रुसून ही संघटना सोडण्याचा प्रकार २०२५ च्या जानेवारीत नव्याने सुरू झाला असं वाटत असेल, तर नाही, तो जुना आहे. फक्त महासत्ता बदलली.) स्टालिनच्या मृत्यूनंतर सोव्हिएत परत आले, तोवर अमेरिकेने तिथे आपला संसार मांडला होता. १९५५ साली संघटनेने जगातून हिवताप हटवण्याची मोहीम हाती घेतली. हत्यार डीडीटी, पैसा मुख्यतः अमेरिकेचा. हिवताप गेला की शेतं पिकतील, पोटं भरतील आणि भरल्या पोटी माणसं कम्युनिझमकडे वळणार नाहीत, असा त्यामागचा हिशेब होता. तो फारसा लपवलेलाही नव्हता.

१९५७ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेची झोप उडाली. पुढच्याच जानेवारीत अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काँग्रेसपुढच्या वार्षिक भाषणात सोव्हिएत संघाला जाहीर निमंत्रण दिलं: रोगांविरुद्ध एकत्र लढू, हिवतापापासून सुरुवात करू. निमंत्रण छान होतं. पण दुसऱ्याच्या लग्नात वाढप्याचं काम करायला कोण जातं?

त्या वर्षीची जागतिक आरोग्य सभा अमेरिकेत, मिनिॲपोलिसला भरली होती. सोव्हिएत शिष्टमंडळात उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव होते, मुळात विषाणूशास्त्रज्ञ. ते बोलायला उभे राहिले आणि त्यांनी थॉमस जेफरसनचा दाखला दिला. अमेरिकेच्या या तिसऱ्या अध्यक्षाने १८०६ साली देवीच्या लशीचा जनक एडवर्ड जेन्नर याला पत्र लिहिलं होतं: तुमच्यामुळे पुढच्या पिढ्यांना हा किळसवाणा रोग फक्त इतिहासातून कळेल, अशा आशयाचं. अमेरिकन भूमीवर, अमेरिकेच्याच संस्थापकाच्या तोंडून, एका कम्युनिस्टाने प्रस्ताव मांडला की हिवताप राहू द्या, देवीचा रोग साऱ्या जगातून नाहीसा करता येईल. काम काही वर्षांचं आहे आणि त्यासाठी आम्ही अडीच कोटी डोस फुकट देतो.

देवी म्हणजे स्मॉलपॉक्स. कांजिण्या नव्हेत. ज्यांना देवी यायच्या त्यांच्यातला साधारण तिसरा माणूस मरायचा, उरलेल्यांचे चेहरे वणांनी भरायचे, काहींचे डोळे जायचे. आपण तिला ‘देवी’ म्हणत होतो, यातच तिच्यापुढे माणूस किती हतबल होता ते आलं.

झ्दानोव यांच्या प्रस्तावात प्रतिष्ठेचा खेळ होता, आणि रोकडा स्वार्थही होता. सोव्हिएत संघाने आपल्या हद्दीतला हा रोग १९३० च्या दशकातच संपवला होता, पण आशियाच्या बाजूने तो पुन्हापुन्हा आत येत होता. या भाषणानंतर दीडेक वर्षातच त्याचं जबरदस्त उदाहरण घडलं. अलेक्सेई कोकोरेकिन हा नामांकित पोस्टर-चित्रकार १९५९ च्या डिसेंबरमध्ये भारत फिरून मॉस्कोला परतला. परतल्यावर आजारी पडला आणि वर्ष संपायच्या आत वारला. हा कसला ताप हे डॉक्टरांना आधी कळलंच नाही. कशी कळणार, देवी बघितलेले डॉक्टरच मॉस्कोत फार उरले नव्हते. कळलं तोवर चाळीसहून अधिक लोकांना लागण झाली होती. मग त्याच्या संपर्कातले, त्यांच्या संपर्कातले असे लोक शोधून वेगळे ठेवले गेले आणि काही दिवसांत शहरातल्या लाखो माणसांना टोचलं गेलं. साथ आटोक्यात आली. तेव्हा भारतातली देवी संपवणं हे मॉस्कोच्या दृष्टीने परोपकाराइतकंच स्वतःच्या घराला कडी लावणंही होतं. मला यात काही गैर वाटत नाही. निव्वळ दयेपोटी आलेली मदत पुढच्या बजेटात गायब होते, स्वार्थाची निदान टिकते.

१९५९ साली सभेने ठराव मंजूर केला आणि मग सात-आठ वर्षं जवळपास काहीच घडलं नाही. पैसा आणि माणसं हिवतापाकडे जात राहिली. डास डीडीटीला सरावले, हिवताप हटेना, आणि ती मोहीम जसजशी रखडत गेली तसतसा ‘निर्मूलन’ या शब्दावरचा विश्वासच उडत गेला. संघटनेचे ब्राझिलियन महासंचालक मार्कोलिनो कँडाउ यांचा तर देवीच्या निर्मूलनावर मुळीच विश्वास नव्हता. सोव्हिएत प्रतिनिधी मात्र दर सभेत तोच विषय काढत राहिले. १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनीही पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत देवीविरुद्ध मोहीम जाहीर केली आणि दोन्ही महासत्ता पहिल्यांदा एका बाजूला आल्या. १९६६ मध्ये चोवीस लाख डॉलरची तरतूद मतदानाला आली आणि निसटत्या बहुमताने मंजूर झाली.

पुढची गोष्ट डोनल्ड हेंडरसन यांनी स्वतः सांगितली आहे. कँडाउ यांना वाटत होतं की हे काम फसणारच. फसलंच तर त्याचं खापर अमेरिकेवर फुटावं, म्हणून त्यांनी प्रमुखपदासाठी अमेरिकन माणूस मागून घेतला. अडतीस वर्षांच्या हेंडरसन यांची मुळीच इच्छा नसताना वॉशिंग्टनने त्यांना जिनिव्हाला धाडलं. म्हणजे सोव्हिएतांनी सुचवलेल्या मोहिमेचा प्रमुख अमेरिकन झाला, तो बळीचा बकरा म्हणून. कॉर्पोरेटमध्ये काम करणाऱ्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

हेंडरसन यांनी पहिलं काम केलं ते कंटाळवाणं होतं. त्यांनी लस तपासायला घेतली. ज्या देशांत रोग होता तिथे वापरल्या जाणाऱ्या लशींपैकी बहुतेक नमुने निकृष्ट निघाले. मग नेदरलँड्समध्ये आणि कॅनडात, म्हणजे दोन्ही महासत्तांच्या बाहेर, तपासणीच्या प्रयोगशाळा नेमल्या गेल्या. देणगी म्हणून येणारी लस कुणाचीही असो, ती तिथून पास होऊनच पुढे जाणार. फुकट देणाऱ्याला ‘आधी परीक्षा द्या’ म्हणणं सोपं नसतं. पण सोव्हिएत लस त्या परीक्षेत उत्तम ठरली. ती शीत-शुष्क होती, म्हणजे गोठवून कोरडी केलेली पूड. जुनी पातळ लस आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन दिवसांत निकामी व्हायची, ही महिनाभर टिकायची. फ्रीज नसलेल्या गावात पोचू शकणारी लस हीच होती.

आता भारताकडे येऊ. पन्नाशी ओलांडलेल्या कुणाच्याही दंडावर बघा, गोल खोलगट वण दिसेल. माझी आजी लस टोचण्याला अजूनही ‘देवी काढणं’ म्हणते, मग ती लस कोव्हिडची का असेना. भारताने १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू केला आणि सोव्हिएत संघाने त्यासाठी कोट्यवधी डोस पाठवले. १९७० च्या दशकाअखेरपर्यंत सोव्हिएतांनी जगभरात दिलेल्या डोसांची संख्या साधारण १४० कोटी सांगितली जाते, त्यातला मोठा वाटा आपल्याकडे आला. पुढे बेळगाव, हैदराबाद, चेन्नईजवळचं गिंडी आणि कुमाऊंमधलं पटवाडांगर इथेही शीत-शुष्क लस बनू लागली. तेव्हा आजीच्या पिढीच्या दंडावरचा वण मॉस्कोचा की बेळगावचा, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

टोचण्याचं हत्यार आधी भयंकर होतं. दातेरी चकतीसारखी फिरती टोचणी, कातडीवर दाबून गरकन फिरवायची. पोरं शाळेच्या खिडकीतून पळून जायची ती उगाच नाही. १९६० च्या दशकाअखेर तिच्या जागी दुतोंडी सुई आली. पुढच्या टोकाला दोन दाते, त्यांच्या मधल्या फटीत लशीचा नेमका एक थेंब अडकतो, आणि पंधरा वेळा टोचलं की झालं. अमेरिकेतल्या वायथ कंपनीच्या बेंजामिन रुबिन यांनी ती घडवली, आणि कंपनीने या मोहिमेसाठी रॉयल्टी सोडून दिली. जुन्या पद्धतीने जेवढ्या लशीत एकाला टोचता यायचं, तेवढ्यात आता चार जणांना. आणि नव्या माणसाला ही सुई चालवायला शिकवायला पाऊण तास पुरत नाही असं व्हायचं नाही.

या सुईचं चित्र मला फार आवडतं. अमेरिकन सुई, तिच्या दोन दात्यांमध्ये अडकलेला रशियन थेंब, आणि ती धरलेला हात तुमच्या-आमच्यासारख्या आडनावाच्या कुठल्यातरी सरकारी लसटोचकाचा. त्याला महिन्याच्या पगाराची काळजी होती, शीतयुद्धाची नव्हती.

पण इथवरची गोष्ट अजून डोसांचीच आहे, आणि डोसांनी देवी संपली नाही. भारत सरकारचं लक्ष्य होतं आधी ऐंशी टक्के, मग शंभर टक्के लोकांना टोचणं. आकडे वर चढत गेले आणि साथीही येत राहिल्या. आमच्या धंद्यात याला कोड कव्हरेज म्हणतात. नव्वद टक्के कोड तपासला म्हणून अहवाल हिरवागार असतो आणि प्रॉडक्शन नेमकं उरलेल्या दहा टक्क्यांत कोसळतं. टोचायला सोपी माणसं, म्हणजे शाळेतली मुलं, पुन्हापुन्हा टोचली जात होती. रस्त्यावरची, वीटभट्टीवरची, रेल्वे फलाटावर झोपणारी राहून जात होती. आणि देवीचा विषाणू जगत होता तो त्यांच्यातच.

मार्ग सापडला तो लस कमी पडल्यामुळे. १९६६ च्या डिसेंबरमध्ये पूर्व नायजेरियात विल्यम फेगी या अमेरिकन डॉक्टरकडे सगळ्यांना पुरेल एवढी लस नव्हती. त्यांनी मिशनऱ्यांच्या बिनतारी संदेशयंत्रणेवरून गावोगावी विचारलं, रुग्ण कुठे आहेत? नकाशावर खुणा केल्या. जिथे रुग्ण तिथे आणि तो जिथे गेला असेल तिथे, फक्त तेवढ्यांनाच टोचलं. साथ थांबली. देवीला माणसाशिवाय दुसरं घर नाही, प्राण्यांत ती लपत नाही. रुग्णाभोवतीची माणसं सुरक्षित केली की तिला पुढे जायला वाट नसते. डोसांच्या आकड्यापेक्षा रुग्णाचा पत्ता मोलाचा ठरला. पत्ता मात्र विमानातून उतरवता येत नाही आणि त्याच्यासोबत फोटोही काढता येत नाही.

हे भारतात करायचं म्हणजे घरोघरी जाऊन शोधणं. १९७३ च्या उत्तरार्धात उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश आणि पश्चिम बंगालमध्ये हा शोध सुरू झाला. काळ किती वाईट होता बघा. १९७१ च्या ऑगस्टमध्ये आपला सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झालेला, डिसेंबरमध्ये अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. अमेरिकन म्हटलं की सीआयए हा शब्द आपोआप ओठांवर यायचा. दिल्लीत संघटना आणि आयसीएमआर मिळून डासांच्या जनुकीय नियंत्रणावर संशोधन करणारा एक विभाग चालवत होते, अमेरिकेच्या रुपयांतल्या निधीवर. तो विभाग म्हणजे जैविक युद्धाची तयारी आहे असा आरोप १९७४ मध्ये वर्तमानपत्रांत झाला, संसदेच्या लोकलेखा समितीने ताशेरे ओढले आणि १९७५ मध्ये तो बंद पडला. आणि नेमक्या त्याच दोन वर्षांत, त्याच संघटनेचे ओळखपत्र लावलेले अमेरिकन डॉक्टर बिहारच्या गावांत जीपने हिंडत होते. त्यांना कुणी हाकललं नाही. माझ्या मते याचं एक कारण असं की ते एकटे नव्हते. त्यांच्याबरोबर सोव्हिएत होते, चेकोस्लोव्हाकियाचे होते, आग्नेय आशिया विभागाची मोहीम निकोल ग्रासे या फ्रेंच-स्विस बाई चालवत होत्या, आणि राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेचे एम. आय. डी. शर्मा आणि त्यांचे सहकारी या सगळ्यांच्या बरोबरीने निर्णय घेत होते. जीपवर कुठल्या एका देशाचा झेंडा नव्हता.

१९७४ हे साल भयंकर गेलं. भारतात १ लाख ८८ हजार रुग्ण आणि ३१ हजारांवर मृत्यू नोंदले गेले, आणि सगळ्यात वाईट हाल बिहारचे. मे महिन्यात पोखरणला अणुचाचणी झाली. त्या बातमीसाठी आलेल्या परदेशी पत्रकारांच्या नजरेस बिहारची साथ पडली आणि अणुबॉम्ब बनवणाऱ्या देशात लोक देवीने मरताहेत असे मथळे झळकले. सॉफ्ट पॉवरची याहून वाईट जाहिरात नसेल. बिहारचे आरोग्यमंत्री वैतागून म्हणाले, शोधबिध पुरे, परत सरसकट टोचायला लागा. फेगी आता भारतात होते आणि त्यांनी आपल्या आठवणींत त्या बैठकीचा प्रसंग दिला आहे. एक तरुण भारतीय डॉक्टर उठून उभा राहिला आणि मंत्र्यांना म्हणाला की आमच्या गावात एका घराला आग लागली तर आम्ही पाणी त्याच घरावर ओततो, साऱ्या गावावर नाही. मंत्र्यांनी एक महिना मुदत दिली. फेगी यांनी या डॉक्टरचं नाव लिहिलेलं नाही. माझ्या मते अख्ख्या मोहिमेतला हा सगळ्यात महत्त्वाचा संवाद आहे आणि तो बोलणारा अनामिक आहे.

मग शोध आणखी कडक झाला. जमशेदपूरच्या टाटानगर स्टेशनवरून रेल्वेने देवी दूरदूर पसरते आहे हे लक्षात आल्यावर टाटांनी आपली माणसं, गाड्या आणि पैसा दिला. लाखाहून अधिक कर्मचारी ठरलेल्या आठवड्यात देवीच्या रुग्णाचं चित्र हातात घेऊन दारोदार जाऊ लागले. रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस ठेवलं. सुरुवातीला पन्नास रुपये, रुग्ण घटत गेले तशी रक्कम वाढत जाऊन शेवटी हजार. सॉफ्टवेअर कंपन्या बग शोधणाऱ्याला बक्षीस देतात आणि ते फार आधुनिक समजतात. सापडलेल्या रुग्णाच्या दारावर राखणदार बसायचा, आत जाणाऱ्या प्रत्येकाला टोचूनच सोडायचा. १९७५ च्या मे महिन्यात आसामातल्या करीमगंज रेल्वे स्थानकावर, फलाटावर राहणारी एक बेघर बाई सापडली. ती भारतातली शेवटची रुग्ण ठरली.

जगातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण सोमालियात सापडला, तेव्हा महासत्ता तिथे पट बदलत होत्या. १९७७ च्या जुलैत सोमालियाने ओगाडेनसाठी इथिओपियाशी युद्ध सुरू केलं. सोव्हिएत संघ तोवर सोमालियाचा मित्र होता, तो इथिओपियाच्या बाजूने गेला. त्या गदारोळात मर्का गावच्या इस्पितळातला स्वयंपाकी अली माओ मालिन याला ऑक्टोबरच्या अखेरीस देवी आल्या. तो बरा झाला. तीनेक आठवड्यांनी सोमालियाने सगळ्या सोव्हिएत सल्लागारांना हाकलून दिलं. ज्यांच्या कल्पनेतून ही मोहीम निघाली त्यांची, ती जिथे संपली त्या देशातून हकालपट्टी. मालिन पुढे पोलिओच्या लसीकरणासाठी गावोगावी फिरत राहिला आणि २०१३ साली त्या कामावर असतानाच वारला. हिवतापाने. अमेरिकेने पैसा ओतलेली ती पहिली मोहीम १९६९ सालीच गुंडाळली गेली होती.

८ मे १९८० रोजी देवी संपल्याची घोषणा झाली. आज इंटरनेटवर शोधलं तर हेंडरसन, फेगी ही नावं पहिल्या पानावर येतात. झ्दानोव शोधावे लागतात. १४० कोटी डोस देणाऱ्या देशाच्या वाट्याला कृतज्ञता फारशी आली नाही, आणि आता तर तो देशही नाही. लस वाटून प्रभाव विकत घेता येतो असं मानणाऱ्यांनी या हिशेबाकडे नीट बघावं.

आपल्यालाही ते २०२१ मध्ये बघायला मिळालं. साडेसहा कोटींहून अधिक डोस भारतातून बाहेर गेले. त्यातले भेट म्हणून दिलेले साधारण एक कोटी, बाकीचे विकलेले किंवा ‘कोव्हॅक्स’मधून गेलेले. मग दुसरी लाट आली, निर्यात थांबली. आपल्या घरी माणसं ऑक्सिजनसाठी वणवण करत होती तेव्हा ती थांबवणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण नेपाळमध्ये आपल्या कोव्हिशिल्डचा पहिला डोस घेतलेली लाखो म्हातारी माणसं दुसऱ्यासाठी ताटकळत बसली, आणि चीन आपली लस घेऊन पुढे आला. पहिल्या खेपेचा फोटो निघाला होता. दुसऱ्या डोसचं वेळापत्रक कुणाच्याच फोटोत नव्हतं.

आणि हे निदान देण्याच्या शर्यतीबद्दल झालं. त्याहून वाईट प्रकारही आहेत. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढायला सीआयएने अबोटाबादेत कावीळ-बच्या लसीकरणाचा बनाव रचला. त्याची किंमत पुढे पाकिस्तानात पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बायकांनी संशय आणि गोळ्या झेलून मोजली. कोव्हिडच्या काळात अमेरिकी लष्कराने फिलिपिन्समध्ये खोट्या अकाउंटांवरून चिनी सायनोव्हॅकविरुद्ध अफवा पसरवल्या, हे रॉयटर्सने २०२४ मध्ये उघड केलं. तेव्हा तिथे लोकांना मिळू शकणारी पहिली लस तीच होती.

सोव्हिएतांच्या कपाटातला सांगाडा तर खुद्द देवीचाच आहे. मोहीम चालू असताना जगभरातले नमुने तपासायला दोन मुख्य प्रयोगशाळा होत्या, एक अटलांटात, दुसरी मॉस्कोत. दोन्ही बाजूंचा मान राखणारी सोय. रोग संपल्यावर बाकीच्या देशांनी आपल्याकडचे नमुने नष्ट केले किंवा या दोघांकडे दिले, आणि विषाणू या दोनच ठिकाणी उरला. पण ज्या वर्षांत सोव्हिएत लस बिहारमध्ये जीव वाचवत होती त्याच वर्षांत सोव्हिएत लष्कर देवीचं अस्त्र बनवत होतं. १९७१ मध्ये कझाकस्तानातल्या अराल्स्क गावात दहा जणांना देवी आल्या, तिघे मेले, आणि मॉस्कोने ते संघटनेला कळवलंच नाही. जगाला कळायला २००२ साल उजाडलं. १९९२ मध्ये अमेरिकेत पळून गेलेले सोव्हिएत जैवअस्त्र कार्यक्रमातले वरिष्ठ अधिकारी केन अलिबेक यांच्या सांगण्यानुसार, अस्त्रासाठी निवडलेला वाण भारतातून आला होता. देवी निर्मूलनाला मदत करायला आलेल्या पथकाने तो १९६७ मध्ये नेला.

उरलेला विषाणू नष्ट करायच्या तारखा अनेकदा ठरल्या. १९९९ ही त्यातली एक. प्रत्येक वेळी ती पुढे ढकलली गेली, कारण संशोधन अजून बाकी आहे असं अमेरिकेचं म्हणणं असतं आणि रशियाचंही. युक्रेनपासून अवकाशापर्यंत कशावरही न पटणाऱ्या या दोन देशांचं या मुद्द्यावर मात्र छान जमतं. मॉस्कोचा साठा १९९४ मध्ये सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कजवळ, कोल्त्सोवो इथल्या ‘व्हेक्टर’ संस्थेत हलवला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तिथे दुरुस्तीचं काम चालू असताना गॅसचा स्फोट झाला. विषाणूच्या खोलीला धक्का लागला नाही असं संस्थेने सांगितलं. जिनिव्हाचे तपासनीस ठरावीक काळाने अटलांटाला जातात, कोल्त्सोवोला जातात, कुलपं आणि नोंदवह्या बघून परत येतात. भारतातून गेलेल्या त्या वाणाची संपूर्ण जनुकीय संहिता रशियन शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वाचून प्रसिद्ध केली. शास्त्रीय लेखांत त्याचं नाव ‘इंडिया-१९६७’ असं आहे.